आजचा वास, तिसरा मजला

दत्ता,

तू गेलास त्या दिवशीही संध्याकाळी सातला वास आले. कोपरहून एक, कारखान्यांकडच्या गल्ल्यांतून तीन, आणि टिटवाळ्याच्या जोशीबाईंचा नेहमीचा, "इकडे काही नाही." ज्यांना कळलं नव्हतं त्यांनी रोजच्यासारखं लिहिलं. ज्यांना कळलं होतं त्यांनीही लिहिलं, कारण दुसरं काय लिहावं ते त्यांना सुचलं नसणार. फक्त त्या साऱ्या नोंदी वाचून, एकत्र करून, वर "आजचा वास" असं लिहिणारा नव्हता. दुसऱ्या दिवशीही त्या तशाच सुट्या पडून होत्या. गॅलरीत वाळत घातलेले कपडे घरातलं माणूस गावाला गेल्यावर राहतात ना, तशा.

हे मी तुझ्याच जागेवर लिहितो आहे, तुझ्या डब्यात. म्हणजे इथली सगळी माणसं हे वाचतील. वाचावंच, म्हणून इथे लिहितो आहे.

तेराव्याला कोपरला आलो होतो. जेवणं झाल्यावर शलाकाने मला बाहेरच्या खोलीत बोलावलं. चपलांच्या कपाटावर तुझा तो काळा डबा चालू होता, टिफिनएवढा, ही आपली जागा ज्यावर चालते तो छोटा संगणक, हिरवा दिवा लुकलुकत. कामाच्या मावशींसाठी त्यावर तू चिकटवलेली चिठ्ठी अजून आहे: "बंद करू नये. पुसायचा असेल तर कोरड्या फडक्याने."

"काका, मी पुढच्या आठवड्यात पुण्याला परत जाणार," शलाका म्हणाली. "बाबांच्या डब्याचं काय करायचं?"

"चालू ठेव."

"चालू ठेवायला कोणीतरी लागतं ना. मी विचारलं सगळ्यांना. सगळे म्हणतायत मधुकाकांनी घ्यावा. पहिल्यापासूनचे तुम्हीच आहात."

मी म्हणालो, विचार करून सांगतो. तिने तो तेव्हाच पिशवीत घालून हातात दिला असता, तर मी गुपचूप घेऊनही आलो असतो. मी स्वतःला ओळखतो. पण तिने दिला नाही, आणि ठाण्याला घरी येईपर्यंत मला कळून चुकलं की तो घ्यायच्या आधी एक गोष्ट सांगावी लागणार. तुला सांगायची राहिली, आता या सगळ्यांच्या देखत सांगतो.

ज्यांना सुरुवात ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. तुला कंटाळा येईल, पण ऐक.

तू रंगाच्या कारखान्यात केमिस्ट, मी विम्याच्या कचेरीत. दोघे निवृत्त, सकाळी त्याच मैदानाला फेऱ्या मारणारे. एकदा मी नाकाला रुमाल लावून म्हणालो, "आज काहीतरी सडलंय." तू थांबलास, डोळे मिटलेस आणि म्हणालास, "सडलं नाही. कोबी उकळताना झाकण ठेवलं की येतो, तो आहे हा." आणि खरंच तसाच होता. त्या दिवसापासून आपण वासांना स्वयंपाकघरातली नावं द्यायला लागलो. जळकी साखर. उघडी राहिलेली नेलपॉलिश. दोन दिवसांचं अंडं. डोंबिवलीत हवेला वास असतो हे सगळ्यांना माहीत होतं, पण कुठला, कुठे, कधी, हे कोणी लिहीत नव्हतं. तू म्हणालास, लिहू या.

मग त्या मोठ्या साइटवर, जिथे तेव्हा झाडून सगळे होते, आपण पान काढलं. पान चालवणारे आणि नोंदी काढू शकणारे चालक दोघे, तू आणि मी. नियम तुझे होते. वास कशासारखा ते सांगा, रसायनाचं नाव नको. कुठल्या भागात, कितव्या मजल्यावर. डोळे चुरचुरतात का, घसा धरतो का. आणि कुठल्याही कारखान्याचं नाव घ्यायचं नाही. "आपण नाक आहोत," तू म्हणायचास. "निकाल देणं आपलं काम नाही." हजारो माणसं आली. कोणी लिहायचं, "आमच्याकडे लसणीचा वास आहे, पण तो सासूबाईंचा विभाग, नोंद करू नये." तू त्यालाही उत्तर द्यायचास, "सासूबाईंना विचारून कळवा, फोडणी करपली होती का."

सातच्या आधी दहा मिनिटं तुझा फोन. "मधू, नाक कसं आहे?" नमस्कार नाही, चमत्कार नाही. आता पावणेसात झाले की मी फोन स्वयंपाकघरातून उचलून बाहेर आणून ठेवतो. अजूनही.

आणि मग साथीच्या दुसऱ्या वर्षी तुला ताप आला. बरा झालास, आणि एक दिवस मला कोपरला बोलावलंस. टेबलावर हिंगाची डबी. ती तू माझ्या नाकाखाली धरलीस.

"काय आहे?"

"हिंग. डोकं फिरलंय का तुझं?"

"नक्की?"

"अरे, शेजाऱ्यांनाही येत असेल."

डबी तू स्वतःच्या नाकाशी नेलीस, बराच वेळ धरून ठेवलीस. "मला रिकामी वाटते," म्हणालास. नंतर डबीचं झाकण लावलंस आणि म्हणालास, "कोणाला बोलू नकोस. एवढी माणसं माझ्या नाकावर विसंबलेली आहेत."

मी कोणाला बोललो नाही. त्यानंतर संध्याकाळी मी कळवायचो आणि तू लिहायचास. पानावरची पहिली नोंद नेहमी माझी असायची: तिसरा मजला, स्वयंपाकघर. माझ्या त्या खिडकीतून तू वास घेत होतास, दत्ता. हे मला माहीत होतं. पुढचं सगळं मी हे माहीत असताना केलं.

माझी बायको गेल्यावर निनादने लकडा लावला, बाबा, ठाण्याला या, डोंबिवलीची जागा विकून टाका. मलाही एकटं नको झालं होतं. टिटवाळ्याचं एक तरुण जोडपं रविवारी जागा बघायला येणार होतं. नेमका त्याच आठवड्यात मंगळवारपासून आमच्या गल्लीत कोबी. तीन दिवस तू "आजचा वास" लिहिलास, तिन्ही दिवस आमची गल्ली सगळ्यात वर. निनादचा फोन आला.

"बाबा, ते लोक पेज बघतील ना. गल्लीचं नावच आहे त्यात."

"मग?"

"मग काय. तुम्ही चालक आहात ना?"

एवढंच बोलला तो. त्याच्यावर ढकलत नाही. शुक्रवारी दुपारी मी चष्मा लावून बसलो आणि त्या तिन्ही संध्याकाळच्या नोंदी पुसून टाकल्या. एकेकीवर बोट ठेवायचं, "नक्की काढायचं का?" असं विचारतं, हो म्हणायचं.

रविवारी ते दोघं यायच्या आधी मी खिडक्या लावल्या आणि रवा भाजायला घेतला, भरपूर तुपात. तूच सांगितलं होतंस की तुपात भाजलेला रवा दुसऱ्या कुठल्याही वासाला पुढे येऊ देत नाही. मुलगी पोटुशी होती. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "काका, इकडे वास येतो असं ऐकलेलं आम्ही."

मी म्हणालो, "शिरा खाणार ना?"

तिने खाल्ला. दुसऱ्यांदा मागूनही घेतला. जागा त्यांनी घेतली.

त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. सातच्या आधीचा नव्हता, नंतरचा.

"मधू, तीन दिवस गेले."

"कसले दिवस?"

"मंगळ, बुध, गुरू. पानावर नाहीत. तू काही केलंस का?"

"मी कशाला करू? साइटवाल्यांनीच काढले असतील. हल्ली काढतात."

"आपण काय कोणाला शिव्या दिल्या?"

"अरे, मशीन असतं ते. त्याला कुठे कळतं."

मग म्हणालास, "म्हणजे आपण लिहिलेलं आपलं नाहीच." आवाज असा होता की मी तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "जाऊ दे रे." मशीनला कुठे कळतं, हे माझं वाक्य तू पुढे कितीजणांना सांगितलंस, दर वेळी माझं नाव घेऊन. "मधूचं बरोबर आहे."

साइटवाल्यांना तू तक्रार केलीस. एक ठरावीक उत्तर आलं, पुन्हा केलीस, पुन्हा तेच आलं. न्यायाने बोलायचं तर, तुझा त्यांच्यावरचा राग नुसता त्या तीन दिवसांचा नव्हता. सातला लिहिलेला वास लोकांना दुसऱ्या दिवशी दुपारी दिसायचा, आणि त्याच्यावर पूर्व-पश्चिमेच्या भांडणांचे ढीग. "दुपारी कालचा वास सांगून काय उपयोग? तोवर वारा कल्याणला पोचला," असं तू आधीपासून करवादत होतास. पण करवादणं आणि निघून जाणं यात अंतर होतं. ते माझ्या बोटाने संपवलं.

मग शलाकाने तुला दुसरी वाट सांगितली, आणि ती तू मला कोपर स्टेशनबाहेरच्या चहावाल्याकडे समजावून दिलीस. "ती मोठी साइट म्हणजे एकच टाकी. सगळ्यांचं पाणी तिच्यात, झडप एकाच्या हातात. इथे तसं नाही. ज्याची त्याची बरणी, ज्याच्या त्याच्या घरात. पण बरण्या एकमेकींशी बोलतात. गोव्यातल्या बरणीतला माणूस माझं वाचू शकतो, मी त्याचं. एक फुटली तर बाकीच्या राहतात. आणि मला उद्या दुसऱ्या बरणीत जायचं झालं तर माझी माणसं घेऊन जाता येतं."

"तिथे आहे कोण पण?"

"सध्या मी."

"तू एकटाच? मग बोलणार कोणाशी?"

"तू येशील की."

"दत्ता, हजारो माणसं सोडून तू चपलांच्या कपाटावर दुकान मांडणार?"

तू हसलास. "त्या टाकीची झडप कोणाच्या हातात आहे ते मला माहीत नाही, मधू. या डब्याची माझ्या चपलांशेजारी आहे."

झडप माझ्या हातात होती. तुझ्यासमोर कटिंगचा ग्लास धरून बसलेल्या हातात. हा आपला वाद पुढे तीन वर्षं चालला, गर्दी महत्त्वाची की जागा आपली असणं महत्त्वाचं, आणि मी तो अगदी हिरिरीने केला. एकदाही खरा केला नाही. माझी बाजू मी मांडतच नव्हतो, फक्त तुला त्या तीन दिवसांच्या आसपास फिरकू देत नव्हतो.

तू निघताना पानावर लिहिलंस, "आम्ही जागा बदलतो आहोत, या." हजारोंनी अंगठे दाखवले. आले साठ-सत्तर. मी नाव नोंदवलं पण तिकडेच राहिलो, लोकांसाठी पान चालू ठेवतो म्हणून. ते लवकरच जागा विकणाऱ्यांच्या जाहिरातींनी भरून गेलं.

आणि डब्यावर तू पहिल्याच दिवशी काय लिहिलंस ते मी ठाण्यात वाचलं. "मला गेलं वर्षभर वास येत नाही. हे तिकडे सांगायची हिंमत झाली नाही, क्षमा असावी. इथून पुढे नाक तुमचं, हात माझा." मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. आपल्या दोघांकडे एकेक लपवलेली गोष्ट होती. तू तुझी उघड्यावर ठेवलीस. त्याच्या खाली मला माझी लिहिता आली असती. मी लिहिलं, "अभिनंदन."

त्यानंतर तिथे जे झालं ते मी बाजूला उभं राहून बघितलं. तुला वास येत नाही म्हटल्यावर माणसं तुझ्यासाठी वास आणायला लागली. आधी वाईटच, मग कसलेही. गोव्याच्या बरणीतल्या कोणीतरी काजूच्या बोंडांचा ढीग दुपारी उन्हात कसा आंबतो ते लिहिलं. कल्याणच्या एका निवृत्त मास्तरांनी खाडीच्या ओहोटीचा वास लिहिला, चिखल, मीठ आणि जुनं लाकूड. तू मला फोनवर वाचून दाखवायचास. "वाचलं की येतो रे, थोडासा. मागच्या बाजूने." मी हूं म्हणायचो. आमच्या इमारतीच्या खालच्या हॉलमध्ये लिंबाचा अत्तरी फवारा मारतात, त्यापलीकडे माझ्या नाकाला आता काही येत नाही, असं मी तुला सांगितलं होतं. खरं म्हणजे मी प्रयत्नच सोडला होता.

मग एका संध्याकाळी तुझा फोन, आवाज नाचरा. "मधू, तुझी खिडकी बोलायला लागली."

टिटवाळ्याहून आलेली ती मुलगी, प्राजक्ता. तिने लिहिलं होतं: तिसरा मजला, स्वयंपाकघर. कोबी. बाळ झोपलंय म्हणून खिडकी लावलेय. तू खूश होतास. "अगदी तुझ्यासारखं लिहिते," म्हणालास, "तुझ्याहून नेमकं." मग विचारलंस, "तिने घर घेताना विचारलं नव्हतं का रे वासाचं?"

मी म्हणालो, "नसेल विचारलं."

प्राजक्ता, तू विचारलं होतंस. मी तुला शिरा दिला. तुझं बाळ आता घरभर धावायला लागलं असेल, आणि दर वेळी तू "खिडकी लावली" असं लिहितेस तेव्हा मला ठाऊक असतं की ती कडी खालून थोडी सैल आहे आणि कागदाची घडी घातल्याशिवाय नीट बसत नाही. तेही मी सांगितलं नाही.

आपली शेवटची भेट, दत्ता, गेल्या महिन्यातली. तू म्हणालास, "तिकडच्या पानाला एकदा कुलूप लाव ना. मेलेलं दुकान उघडं कशाला ठेवायचं?"

"लावतो."

"तीन वर्षं लावतोयस. तुला तिथे काय मिळतं?"

मी चहा संपला का असं चहावाल्याला विचारलं. तू माझ्याकडे बघत राहिलास. नेहमीपेक्षा जास्त वेळ, असं मला आता वाटतं, पण आता मला बरंच काही वाटतं. शलाका सांगते की दोन चालक असले की कोणी काय पुसलं ते आत कुठेतरी दिसतं, बघायचं म्हटलं तर. तू बघितलं होतंस का, ते मला कधीच कळणार नाही. बघितलं असशील तर तीन वर्षं रोज सातच्या आधी मला फोन करून "नाक कसं आहे" विचारलंस. नसशील तर माझ्यावर विश्वास ठेवून गेलास. यातलं कुठलं सोसायला हलकं, ते मी ठरवू शकलेलो नाही.

मी स्वतःला असंही सांगून पाहिलं की माझ्यामुळेच तर तुला ही जागा मिळाली. तिथे तू मोकळा झालास, काजूची बोंडं वाचलीस. काल दुपारभर हे घोळवलं. नाही टिकलं. जागा तू उभी केलीस. मी फक्त तुला खोटं कारण पुरवलं, आणि तुझ्या हजारो वाचकांना तुझ्यापासून तोडलं. त्यातली कितीतरी माणसं अजूनही सातला खिडकीशी येऊन वास घेत असतील आणि सांगायचा कोणाला म्हणून आत जात असतील.

तर शलाका, डबा मी घेणार नाही. ज्याने एकदा पुसलं त्याच्या हातात पुसण्याची सोय देऊ नका. शिवाय ठाण्यात सतराव्या मजल्यावर त्याचं काय काम? माझी सूचना अशी की तो प्राजक्ताकडे जावा, तिची तयारी असेल तर. हे वाचल्यावर तिला माझं नाव असलेल्या कुठल्याही गोष्टीशी संबंध नको असेल, तर तेही बरोबरच. पण स्वयंपाकघराच्या दारामागे फळी आहे, शेजारी प्लगही आहे. तिथे तो बसेल. तिकडच्या मोठ्या पानावर हाच मजकूर मी आज डकवतो आणि मग पान बंद करतो. दत्ता, तुझ्या सांगण्याप्रमाणे, उशिरा.

मला इथे राहू द्यायचं की नाही ते तुम्ही सगळ्यांनी ठरवा. दिलंत तर मी सातला कळवत जाईन. लिंबू तर लिंबू.

आता सात वाजत आलेत, दत्ता. फोन बाहेर आणून ठेवलाय. तू विचारणार नाहीस, तरी सांगतो. या नोंदी माझ्याकडून यायच्या राहिल्या आहेत. पुसताना वाचल्या होत्या, त्यामुळे शब्द आठवतात. चौथी तेव्हा लिहिलीच नव्हती.

मंगळवार. तिसरा मजला, स्वयंपाकघर. कोबी, झाकण ठेवून उकळलेला. डोळ्यांना काही नाही.

बुधवार. तीच खिडकी. कोबी, मागून जळकी साखर. घसा धरतो.

गुरुवार. तीच खिडकी. कोबी वाढला. कडी लावली तरी येतो.

रविवार. तीच खिडकी. तुपात भाजलेला रवा. त्याच्या मागे कोबी होता.